टॉवेलचं रेंडर करायचंय: ब्लेंडर की कीशॉट?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले ओळखीचे कारखानदार हल्ली भेटले की एकच विचारतात, "चित्रं काढायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" चित्रं म्हणजे टॉवेलची आणि चादरीची रेंडर, कॉम्प्युटरवर थ्रीडीत काढलेली फोटोसारखी चित्रं. बायर आता सॅम्पल विणायच्या आधीच चित्र मागतो. डिझाइन एक, शेड आठ, त्यात बाथ, हँड आणि फेस असे तीन साइज. घडी घातलेला एक फोटो, दांडीवर टांगलेला एक, थप्पीचा एक. हे सगळं खरं सूत रंगवून, मागावर चढवून, मग फोटोवाल्याकडे नेऊन करायचं म्हटलं तर नापसंत होणाऱ्या डिझाइनवरच महिना जातो. म्हणून रेंडर. आणि रेंडर म्हटलं की आपल्या धंद्यात गाडी फिरून फिरून दोन सॉफ्टवेअरच्या नावांवर येते, ब्लेंडर आणि कीशॉट.

मी दोन्हींवर काम केलंय. पूर्व भागातल्या आमच्या छोट्या ऑफिसात आजही दोन्ही चालू आहेत. मशीन कितीचं घ्यावं, ग्राफिक कार्ड कुठलं, यात इथे शिरत नाही. ज्याने जॅकार्डचं, म्हणजे मागावर विणून काढायच्या नक्षीचं, डिझाइन कॉम्प्युटरवर केलंय किंवा करून घेतलंय त्याला तेवढं ठाऊक असतं. वेगाचे आकडेही देणार नाही, कारण मी कधी घड्याळ लावून बसलो नाही. कुठल्या कामात दिवस गेला आणि कुठल्यात वाचला हे मात्र चांगलं लक्षात आहे, त्यावरून लिहितोय.

खुर्चीवर बसणार कोण?

आधी हे ठरवा. सोलापुरात या खुर्चीवर थ्रीडीवाला बसत नाही, जॅकार्डचा डिझायनर बसतो. हा माणूस दिवसभर बीएमपी फाइलमध्ये चौकटी भरतो. कुठल्या रंगाच्या चौकटीवर कुठलं विणकाम बसणार हे त्याला तोंडपाठ असतं. नजर इतकी पक्की की किनारीतली चुकलेली एक ओळ लांबून दाखवेल. पण नॉर्मल, यूव्ही, सॅम्पल हे शब्द त्याच्या गावचे नाहीत. त्यात चांगला हात बसला की तो पुण्याला नाहीतर इचलकरंजीला जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. त्यामुळे सॉफ्टवेअर सोपं आहे का, याचा आपल्यापुरता अर्थ एवढाच की मालक लग्नाला परगावी गेलेले असताना नवा माणूस एकट्याने चित्र काढून बायरला मेल करू शकेल का.

ही कसोटी लावली की इंटरनेटवरच्या बऱ्याच तुलना आपल्या उपयोगाच्या राहत नाहीत. त्या लिहिणारे सिनेमा, गेम नाहीतर गाड्यांच्या डिझाइनमधले असतात. त्यांच्याकडे रेंडर करणारा माणूस रेंडरच करतो. आपल्याकडे तोच माणूस मध्येच उठून मागावर फाइल चढवून येतो.

पहिला दिवस

ब्लेंडरची बदनामी जुनी आहे आणि आता बरीचशी अन्यायाची आहे. पूर्वी त्यात वस्तू निवडायला माउसचं उजवं बटण दाबावं लागायचं. बाकी सगळ्या जगात डावं आणि इथे उजवं, त्यामुळे माणूस पहिल्याच मिनिटाला वैतागायचा. जुलै २०१९ मध्ये २.८० आवृत्ती आली आणि चित्र पालटलं. डावं बटण आलं, वर कामाप्रमाणे टॅब आले, पडदा जरा स्वच्छ झाला, आणि ईव्ही नावाचं झटपट रेंडर देणारं इंजिन आलं. त्याच्या आधी कधी उघडून घाबरून बंद केलं असेल तर परत बघायला हरकत नाही. या सॉफ्टवेअरबद्दल मला आदर आहे, त्याचं कारणही सांगतो. मूळ कंपनी बंद पडली तेव्हा टॉन रोझेंडाल यांनी २००२ मध्ये लोकांकडून एक लाख युरो गोळा केले, हक्क सोडवून घेतले आणि प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. तेव्हापासून तो फुकट आहे, धंद्यासाठी वापरलात तरी.

तरीही पहिल्या दिवशी ब्लेंडर नव्या माणसाला दमवतंच. उजव्या हाताला चिन्हांची उभी रांग आहे. रेंडरचं एक, आउटपुटचं एक, सीनचं, वर्ल्डचं, वस्तूचं, मॉडिफायरचं, पार्टिकलचं, मटेरियलचं. प्रत्येकाच्या आत पुन्हा घड्या. ग्राफिक कार्डवर रेंडर करायचं तर प्रेफरन्सेसमध्ये जाऊन एकदा कार्ड दाखवायचं, आणि मग रेंडरच्या टॅबमध्ये येऊन परत "जीपीयू" निवडायचं. यातलं एक जरी राहिलं तरी काम मुकाट्याने प्रोसेसरवर चालतं. अशा वेळी माणूस कार्ड विकणाऱ्याला शिव्या घालत बसतो.

कीशॉट उघडलं की मध्ये वस्तू, डावीकडे मटेरियलची लायब्ररी, उजवीकडे प्रोजेक्टचं पॅनल, खाली मोठी मोठी मोजकी बटणं. लायब्ररीतलं कापड उचलायचं आणि टॉवेलवर सोडायचं. लाइटिंगमध्ये तयार पर्याय असतात. प्रॉडक्टचा फोटो असेल तर "प्रॉडक्ट" निवडायचं, आतली खोली असेल तर "इंटीरियर". गंमत बघा, हे ज्यांच्या कंपनीतून आलं त्या लक्झिऑनच्या संस्थापकांपैकी एक हेन्रिक वान येन्सन, म्हणजे फोटॉन मॅपिंग ही प्रकाशाचा हिशेब करायची पद्धत काढणारा संशोधक. ज्याला या विषयातला प्रत्येक आकडा माहीत त्याच्याच घरच्या प्रोग्रॅममध्ये आकडे सगळ्यात कमी दाखवलेत.

पहिला दिवस कीशॉटचा, यात वाद नाही. पण पहिल्या दिवसावरून निवड करू नये असं मला वाटतं. ब्लेंडरवर महिनाभर हात बसला की कीबोर्डवरून कामं इतकी झरझर होतात की कीशॉटमधलं उचला-सोडा जरा संथ वाटू लागतं. निवड ठरली ती वेगळ्याच जागी.

पाइलची गोष्ट

टेरी टॉवेलचा सगळा जीव पाइलमध्ये, म्हणजे कापडावर उभ्या असलेल्या सुताच्या फासांत. पाइल दिसला नाही तर तो टॉवेल नाही, पंचा आहे. ब्लेंडरमध्ये पाइल काढायचा रुळलेला रस्ता म्हणजे पार्टिकलचं हेअर. कापडावर थोडे मुख्य केस उगवायचे आणि प्रत्येकाच्या आजूबाजूला "चिल्ड्रन" म्हणजे पिल्लं वाढवायची, त्याने दाटपणा येतो. आता या चिल्ड्रनच्या खाली दोन आकडे असतात. एक काम करताना पडद्यावर किती दाखवायची त्याचा, दुसरा अंतिम चित्रात किती घ्यायची त्याचा. नवीन सिस्टिम जोडली की पहिला १० असतो आणि दुसरा १००.

म्हणजे होतं काय? डिझायनर पडद्यावर बघत बघत पाइल जुळवतो. लांबी कमी-जास्त करतो, जाडी बघतो, दाटपणा डोळ्याला बरोबर वाटेपर्यंत मुख्य केस वाढवत नेतो. पडद्यावर छान चारशे-साडेचारशे जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) टॉवेल दिसतो. तो समाधानाने एफ-१२ दाबतो, मशीन घुमायला लागतं, रात्रभरासाठी चित्रांची रांग लावून तो घरी जातो. रात्रीतून प्रत्येक केसाला दहाऐवजी शंभर पिल्लं फुटतात. सकाळी फोल्डर उघडला की नव्या माणसाचं ठरलेलं वाक्य येतं, "अण्णा, हे तर पायपुसणं झालं की!" आणि खरंच तसंच दिसतं, जाड, केसाळ, दारात टाकायच्या लायकीचं. डॉबी बॉर्डर, म्हणजे काठाजवळची सपाट विणीची पट्टी, त्या जंगलात बुडालेली असते.

तेवढं एकच असतं तर लक्षात ठेवलं असतं. पण ब्लेंडरमध्ये "पडद्यावर एक आणि चित्रात एक" ही रीतच आहे. कापड गुळगुळीत करणाऱ्या सबडिव्हिजन मॉडिफायरला दोन आकडे, व्ह्यूपोर्टचा (म्हणजे पडद्याचा) वेगळा आणि रेंडरचा वेगळा. सॅम्पलला, म्हणजे उजेडाचा हिशेब किती वेळा करायचा त्याला, दोन. नॉइज थ्रेशोल्डला, म्हणजे दाणे किती उरले की थांबायचं त्याला, दोन. दाणे पुसणाऱ्या डीनॉइझला दोन टिक, रेंडरची आधीच लागलेली आणि पडद्याची न लागलेली. वस्तू लपवायची तर डोळ्याचं चिन्ह वेगळं आणि कॅमेऱ्याचं वेगळं. एच दाबून बाजूचा टॉवेल लपवला की तो पडद्यावरून जातो, पण अंतिम चित्रात ठाण मांडून असतो. मापाला ठेवलेला डमी टॉवेल त्यामुळे आठही शेडच्या चित्रात मागे डोकावतो.

ब्लेंडरची बाजूही सांगायला हवी. हे कुणी निष्काळजीपणाने केलेलं नाही. सिनेमावाल्याच्या सीनमध्ये अख्खं जंगल असतं. पडद्यावर सगळी पानं दाखवली तर मशीन हलणारच नाही. म्हणून काम हलक्या रूपावर करायचं आणि जड रूप फक्त शेवटी काढायचं, असा तो हिशेब आहे, आणि त्यांच्यापुरता शंभर टक्के बरोबर आहे. नव्या हेअर कर्व्हच्या पद्धतीतही पडद्यासाठी प्रमाण वेगळं ठेवायची सोय आहे. पण आपल्या सीनमध्ये जंगल नाही. एक टॉवेल आहे, तोही हलत नाही. ज्या सोयीची आपल्याला गरज नाही तिच्यासाठी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची, आणि तपासायची कोणी, तर ज्याला ती दोनदा असते हेच माहीत नाही अशा माणसाने.

कीशॉटमध्ये पडद्यावर जे चाललेलं असतं ते रेंडरच असतं. सुरुवातीला दाणेदार दिसतं, थांबलात की निवळत जातं. वस्तू यादीतून लपवली की लपली, चित्रातूनही. अंतिम आउटपुटला फक्त मोठ्या आकारात आणि जास्त वेळ देऊन तेच काढायचं. डिझायनरला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या जॅकार्डच्या कामात पडद्यावरची चौकट आणि मागावरचा धागा एकच असतात, त्याला याचीच सवय आहे.

माझं मन इथे झुकलं. बटणं किती कमी यावर इंटरफेसचं सोपेपण लोक मोजतात. मला ते तितकंसं पटत नाही. बटणं शंभर असू देत, पण एका गोष्टीला एकच असावं.

कीशॉटचंही काही आहेच

कीशॉटमध्ये पाइलसाठी "फझ" आहे आणि विणीसाठी "रिअलक्लॉथ", दोन्ही नवव्या आवृत्तीपासून. फझची लांबी, दाटी वगैरे बदलली की मटेरियल ग्राफमध्ये जाऊन जिऑमेट्री नोड "एक्झिक्यूट" करायचं बटण दाबावं लागतं. दाबेपर्यंत पडद्यावर जुनाच पाइल. पडदा आणि चित्र एकच असतं असं मी वर म्हटलं, त्याला हा एक अपवाद समजा. वैताग येतो, पण तो दिवसा येतो आणि समोर येतो, रात्री पाठीमागून येत नाही.

दुसरं म्हणजे फझ हा सुटा तंतू आहे आणि आपला टेरी पाइल म्हणजे फास. कॅटलॉगच्या अंतरावर फरक कळत नाही. अगदी जवळून, किनारीपाशी क्लोज-अप मागितला तर जाणकार बायर ओळखतो. ब्लेंडरमध्ये वेळ घालवायची तयारी असेल तर खऱ्या फासाच्या आकाराची वस्तू करून ती कापडभर पेरता येते, आणि त्याला तोड नाही. आमच्याकडे असा क्लोज-अप क्वचित लागतो. तुमचा बायर तसाच हट्टी असेल तर हा मुद्दा माझ्यापेक्षा तुमच्या तराजूत जड भरेल.

तिसरी आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की कीशॉटला घडी घालता येत नाही. ते फोटो काढणारं सॉफ्टवेअर आहे. कापड पडायला, दुमडायला, दांडीवर लोंबायला क्लॉथ सिम्युलेशन लागतं आणि ते ब्लेंडरमध्ये फुकट बसलेलं आहे. तेव्हा तुम्ही कीशॉट घेतलंत तरी घड्यांसाठी ब्लेंडर नाहीतर दुसरं काहीतरी लागणारच. आम्ही घड्यांचा संच एकदाच करून ठेवलाय: अर्धी घडी, तिपदरी घडी, गुंडाळी, टांगलेला, थप्पी. त्यातलं हवं ते एफबीएक्स (थ्रीडी फाइलचा एक प्रकार) करून कीशॉटमध्ये आणायचं. नवी घडी वरचेवर लागत नाही, त्यामुळे हे जड जात नाही. पण दर डिझाइनला बायर नवी मांडणी सांगत असेल तर ही ये-जा त्रासाची आहे, हे कबूल करायला हवं.

इथे एक गोष्ट जाता जाता. यूव्ही, म्हणजे डिझाइनचा कुठला भाग कापडावर कुठे बसणार याचा नकाशा, उलगडायची ती कापड सपाट असतानाच, घडी पाडायच्या आधी. तेव्हा ते काम एका मिनिटाचं असतं, घडी पडल्यावर त्याची डोकेदुखी होते. आणि कीशॉटमध्ये डिझाइनची बीएमपी लावताना मॅपिंग "यूव्ही"वर आहे ना, हे बघा. "बॉक्स" राहिलं तर चादरीवरचा मोर घडीच्या वळणावर मानेतून तुटतो. ब्लेंडरमध्ये इमेज टेक्स्चरच्या नोडवर "लिनियर"च्या जागी "क्लोजेस्ट" केलं तर जॅकार्डच्या चौकटी कडक राहतात, नाहीतर रंगांच्या कडा एकमेकांत विरघळतात.

रंग

यावरून बायरशी खरे वाद होतात, म्हणून लिहितो. ब्लेंडर चित्राच्या रंगावर आपला एक हात फिरवतं. २.८० पासून तो "फिल्मिक" होता, नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ४.० पासून "एजीएक्स" झाला. उजेडाचा भाग फटफटीत होऊ नये म्हणून हे केलेलं आहे आणि निसर्गचित्रात ते सुंदर दिसतं. टॉवेलमध्ये मात्र पांढरा मळकट होतो, लाल विटका होतो. बायर पॅन्टोन नंबर (रंगाचा ठरलेला नंबर) देऊन बसलेला असतो. कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म "स्टँडर्ड" केलं की प्रश्न बराचसा सुटतो. कीशॉटमध्ये इमेजच्या टॅबमध्ये "फोटोग्राफिक" निवडलं तर तिथेही रंग हलतात, म्हणून आम्ही "बेसिक"वरच राहतो. दोघांत इथे उजवं-डावं नाही. आणि काहीही केलं तरी चित्र म्हणजे लॅब डिप (लॅबमध्ये रंगवलेला शेडचा खरा नमुना) नव्हे, हे बायरला मेलमध्ये लिहूनच द्यावं.

शेडच्या बाबतीत मात्र कीशॉट हात देतं. एकाच भागावर मल्टी-मटेरियल लावायचं, त्यात आठ शेड भरायच्या, कॅमेरा जागचा हलवायचा नाही, आणि सगळे रांगेत सोडायचे. घडीची सुरकुती न सुरकुती तीच राहते, फक्त रंग बदलतो. बायरला शेड कार्ड म्हणून हेच हवं असतं. ब्लेंडरमध्ये हेच काम पायथनच्या छोट्या स्क्रिप्टने होतं, आणि एकदा लिहिली की ती कीशॉटपेक्षाही निमूट काम करते. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या एखाद्या पोराला दुपारभर बसवलं तर लिहून देईल. फक्त ती बिघडली तर तो पोरगा फोन उचलायला हवा.

पैसे

ब्लेंडरचे शून्य. कीशॉटचं वर्षाचं भाडं, आणि दर वर्षी. आकडा लिहीत नाही, तो बदलत राहतो. कोटेशन मागवा आणि घ्यायच्या आधी वर्षाकाठी आपण किती डिझाइनची चित्रं काढतो ते वहीत बघा. ज्याच्याकडे सीझनपुरतंच काम आहे त्याने भाड्याचं सॉफ्टवेअर घेऊन बाराही महिने त्याचा भार का उचलावा, असं मलाही वाटतं. क्रॅकचा, म्हणजे चोरीच्या कॉपीचा, विषय सोडून देतो. एक्स्पोर्टच्या कामात बायरची माणसं कारखान्यात येऊन कपाटं उघडून बघतात, एवढंच म्हणेन.

मशीनच्या बाबतीत एक छोटा दिलासा आहे. कीशॉट प्रोसेसरवरही नीट चालतं, महागडं कार्ड लगेच घ्यायलाच हवं असं नाही. कार्ड घ्यायचंच तर एनव्हिडियाचं. आणि दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी एप्रिल-मेमध्ये सोलापुरात रेंडरची रांग रात्रीच लावा. दुपारी बेचाळीस अंशांत बंद खोलीत मशीन आणि माणूस दोघेही तापतात.

फुकटातच भागवायचं असेल तर

भागवता येतं, आणि मी तसं दोन ठिकाणी लावूनही दिलंय. ब्लेंडर नव्या माणसाच्या हातात कोरं द्यायचंच नाही. एक फाइल आधी तयार करायची: कॅमेरा बसवलेला, एचडीआरआयचा (उजेड टिपलेल्या खास फोटोचा) उजेड लावलेला, दांडी, जमीन आणि घड्यांचा संच आत. चिल्ड्रनचे दोन्ही आकडे सारखे करायचे आणि पडदा जड झाला तरी चालवून घ्यायचा. सबडिव्हिजनचेही दोन्ही सारखे. व्ह्यू ट्रान्सफॉर्म "स्टँडर्ड". आउटलायनरमध्ये (वस्तूंच्या यादीत) डोळा आणि कॅमेरा ही दोन्ही चिन्हं दिसतील असं ठेवायचं, आणि वस्तू लपवायला एच दाबायचंच नाही असा दंडक घालायचा. वरचे नको ते टॅब काढून टाकायचे. रोज लागणारी पाच-सहा कामं क्विक फेव्हरिट्समध्ये टाकायची, म्हणजे क्यू दाबलं की समोर येतात. मटेरियल असेट ब्राउझरमध्ये भरायची. डिसेंबर २०२१ च्या ३.० पासून ते आलंय आणि त्याने ब्लेंडरमध्येही कीशॉटसारखं उचलून टॉवेलवर सोडता येतं. मग ही फाइल स्टार्टअप म्हणून सेव्ह करायची, म्हणजे प्रोग्रॅम उघडला की थेट टॉवेलच समोर.

एवढं केलं की नवा डिझायनर आठवड्यात चित्र काढायला लागतो, हे मी बघितलंय. फक्त हे लावून द्यायला कुणीतरी जाणता लागतो आणि त्याने अधूनमधून यायला लागतं. कारण नव्या माणसाने कधीतरी नवीन हेअर सिस्टिम स्वतः जोडली की ती आपले १० आणि १०० घेऊनच जन्माला येते. आपण बंद केलेलं दार तिच्यापुरतं उघडंच असतं.

तर मग

चादरीच काढणार असाल तर माझं सरळ मत ब्लेंडर. चादरीला पाइल नाही, म्हणजे ज्या गोष्टीने मला दुसरीकडे ढकललं ती गोष्टच तुमच्या वाटेत येत नाही. जॅकार्डची बीएमपी, थोडा बंप (विणीच्या उंचसखलपणाचा भास), चांगली घडी, काम झालं. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तम दिसते. व्हिडिओ, टॉवेल हवेत उडतोय वगैरे प्रकार हवे असतील तरी ब्लेंडरच. घरात कुणी मुलगा-मुलगी थ्रीडीत रस घेऊन बसलेली असेल तर कीशॉटचा विचारही करू नका, तिला ब्लेंडर द्या आणि चांगलं मशीन द्या.

पण टेरी टॉवेल, बारा महिने एक्स्पोर्ट, खुर्चीवर जॅकार्डचा डिझायनर आणि तो दोन वर्षांत बदलणार, अशी ज्याची परिस्थिती आहे त्याने निदान एकदा कीशॉटचं कोटेशन मागवावं. महाग आहे, घडी घालता येत नाही, एक्झिक्यूटचं बटण छळतं, सगळं मान्य. माझ्याकडे तातडीचं काम आलं की हात आपसूक त्याच्याकडे जातो, याला मी काय करू? ज्यांचं काम माझ्याहून वेगळं आहे त्यांचा हात दुसरीकडे जाईल, आणि तेही चूक नसेल.

कीशॉटची काही दिवसांची ट्रायल मिळते, ब्लेंडर तर आहेच. घडी घातलेला एकच टॉवेल दोन्हींत आणा आणि डिझायनरला बसवा. पुण्याहून सुट्टीला आलेल्या पुतण्याला नको, तो दोन्हींत पटकन करून दाखवेल आणि सोमवारी निघून जाईल. पाइल, बॉर्डर, तीन शेड, एवढंच काम द्या, संध्याकाळी रांग लावून जायला सांगा आणि सकाळी दोन्ही फोल्डर स्वतः उघडून बघा. घड्यांच्या फाइल नसतील तर आमच्याकडच्या एक-दोन देईन, त्यात यूव्ही नीट आहे.